शकुनाचा हात

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दुकानात काही तोलून घेताना माझं लक्ष मालापेक्षा काट्यावर जास्त असतं. शेजारीण जरा जास्तच गोड बोलली की हिला आज काय हवंय, हाच विचार आधी येतो. माहेरी मला सगळे फौजदारीण म्हणायचे, आणि सासरी आल्यावर तो हुद्दा काही गेला नाही.

आता आमच्या गावात एखाद्या पोटुशी बाईला दवाखान्यात सांगितलं की तुझ्या रक्तात साखर आहे, की ती माझ्याकडे येते. तिचा चेहरा बघून मला माझा तेव्हाचा चेहरा आठवतो. घाबरलेला, आणि त्याहून जास्त चिडलेला. मशीन खोटं आहे, डॉक्टर पैसे काढायला बसलेत, घरातलंच कुणीतरी आपल्या वाईटावर आहे, असं सगळं तिच्या डोक्यात फिरत असतं. संशय घेऊ नकोस, असं मी तिला कधीच म्हणत नाही. घे, पण पुरता घे, अर्ध्यात सोडू नकोस, एवढंच सांगते. मग माझी हकिगत सांगते. आज ती लिहून काढते आहे.

एक थेंब

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या जवळ. घरी मेंढरं, शेळ्या, एक म्हैस आणि कालव्याच्या पाण्यावर थोडी हळद. माणसं तीनच: मी, माझे मालक आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणते. अंगाने काडी, पण कळपातलं मेंढरू चुकलं तर दोन शिवारं पालथी घालून येणारी बाई.

माझं पहिलं बाळंतपण चांगलं झालं नाही. पोट खूप मोठं होतं. बायका हात लावून म्हणायच्या, पैलवान येतोय गं. आत्याबाई रोज मीठ-मोहरी घेऊन माझी दृष्ट काढायच्या. नवव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. मुलगा होता. चांगला भरलेला, गालावर खळी असलेला, पण श्वास नव्हता. का गेला ते कुणी सांगितलं नाही. गावाने आपापली कारणं काढली: दृष्ट लागली, मी ग्रहणात भाजी चिरली, आत्याबाईंनी नवस फेडला नाही. मी कुणाचंच खरं मानलं नाही, आणि सगळ्यांचंच थोडं थोडं खरं मानत राहिले. फार वाईट दिवस होते ते.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा मालक म्हणाले, या वेळी वसमतला दाखवायचं. निघताना आत्याबाईंनी उंबऱ्यात थांबवलं, माझ्या उजव्या हातावर दही-साखर ठेवली. मी ती बोटं चाटत खाल्ली आणि हात धुवायला रांजणाकडे वळले, तशा त्या आडव्या आल्या. त्यांच्या माहेरची रीत होती: शकुनाचा हात धुवायचा नाही, पदराला पुसायचा. धुतला की शकुन पाण्यासोबत जातो. पहिल्या वेळी कुणी शकुन केला नव्हता, म्हणून असं झालं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. मी हात पदराला पुसला आणि एसटीत बसले.

वसमतच्या डॉक्टरीणबाईंना सगळे मॅडम म्हणत. पहिल्या बाळाचं वजन ऐकून त्या लिहिता लिहिता थांबल्या. खणातून त्यांनी हाताच्या पंजात मावेल एवढी एक डबी काढली. नर्सने माझ्या बोटावरून कापूस फिरवला, सुई टोचली, थेंब एका पट्टीला लावला आणि पट्टी त्या डबीत घातली. जरा वेळाने आकडा उमटला. मॅडम म्हणाल्या, साखर बरीच वाढलीय. गरोदरपणात काही बायकांना होतं. पहिलं बाळ बहुतेक यानेच गेलं असेल, तेव्हा कुणी तपासलं नाही का?

मला आधी राग आला. मग मी त्या डबीकडे बघितलं. आमच्या गावातल्या भगताला साधी दृष्ट कुणाची ते सांगायला लिंबू, नारळ, कोंबडं असं कायकाय लागतं, आणि या डबीला एका थेंबात माझ्या लेकराच्या मरणाचं कारण कळलं? मॅडमनी खात्रीसाठी दंडातलं रक्त प्रयोगशाळेत पाठवलं. तिथूनही साखरच निघाली. पण माझा राग होता तो त्या डबीवर.

पहारा

मॅडमनी भात, गोड, बटाटा कमी करायला सांगितला. तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा इन्सुलिनच्या सुया सुरू झाल्या. घरात फ्रीज नव्हता. मालकांनी ओल्या वाळूत मडकं पुरलं आणि त्यात औषधाची बाटली ठेवली. सुई टोचायला तेच शिकले. मेंढरांना टोचायची सवय होती, त्यामुळे हात हलका होता. मी म्हणायचे, निदान मेंढरासारखे पाय तरी धरू नका माझे. ते हसायचे.

आत्याबाईंना सुया अजिबात पटल्या नाहीत. टोचून टोचून आजारी ठेवतात, म्हणजे आपण येत राहावं, असा त्यांचा हिशोब. चहात साखर बंद झाली तेव्हा तर त्यांनी चहाच सोडला. दर पंधरवड्याला मॅडमकडे जायचं असायचं, सकाळी उपाशी पोटी. काही खाल्लं का, असं मॅडम दर वेळी विचारायच्या आणि मी दर वेळी न्हाई म्हणायचे. खरंच तसं वाटायचं. उंबऱ्यातल्या दही-साखरेला आमच्याकडे कुणी खाणं म्हणत नाही, तो शकुन.

पथ्य पाळत होते, सुया घेत होते, आणि मॅडमच्या मशीनवरचा आकडा मात्र खाली यायचं नाव घेत नव्हता. मॅडम सुईतलं औषध वाढवत गेल्या. एकदा त्यांनी मालकांना बाहेर बसवलं आणि आवाज हळू करून म्हणाल्या, "खरं सांग, चोरून काय खातेस? मी कुणाला सांगणार नाही."

मला रडू फुटलं. चोरून खायला मी काय लहान आहे? स्वतःच्या लेकराच्या जिवावर उठून जिलबी खाईन का? पण रडता रडताच डोक्यात फौजदारीण जागी झाली. मी खात नाही, तर मला कुणीतरी खाऊ घालतंय.

घरात स्वयंपाक कोण करतं? आत्याबाई.

त्यानंतर मी पहारा सुरू केला. भाजीत बोट बुडवून चाखायची. वरणात गूळ आहे का बघायची. त्या चुलीपुढून उठल्या की डबे उघडायची. मधेच त्या लेकीकडे कळमनुरीला गेल्या आणि नेमकं त्या वेळी मॅडमच्या मशीनवर आकडा बराच खाली आला. मॅडम खूश झाल्या, मालक खूश झाले.  माझ्या मनात मात्र खटला चालू झाला होता आणि साक्षीदार मिळाला होता. आत्याबाई परत आल्या, पुढच्या खेपेला आकडा पुन्हा वर. मग मी वेगळी चूल मांडली. पोट पुढे घेऊन वाकून स्वतःची भाकरी स्वतः थापायला लागले. कारण विचारलं तर सांगायची, मॅडमनी सांगितलंय.

 आत्याबाई आपली भाकरी घेऊन शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन जेवायला लागल्या. मालक दोन चुलींच्या मधे बसून एकदा हिच्याकडचं, एकदा तिच्याकडचं खायचे. त्यांची मात्र तब्येत सुधारली.

गूळ

हळद शिजवायचे दिवस होते. सगळ्या गावात त्या वाफेचा वास भरलेला. मालक कढईवर गेले होते. दुपारी मी गोठ्यात शेळ्यांना पाला टाकत होते आणि एकाएकी घामाने चिंब झाले. हातपाय लटलटायला लागले. समोरची शेळी दोन दिसायला लागली. आत्याबाईंना हाक मारायची होती, पण जीभ वळेना. मी खाली बसले ती आडवीच झाले. एवढं आठवतं की मनात आलं, आता पोटातलं पण थांबणार.

पुढचं जे आठवतं ते तोंडातली चव. आत्याबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि माझ्या गालात गूळ कोंबत होत्या. शेरडाला पाजावं तसं माझा जबडा धरून पाणी पाजत होत्या, आणि तोंडाने एकसारखं चालू होतं, "उठ माय, उठ माय, उठ." थोड्या वेळाने घाम थांबला. पोटात बाळाने लाथ मारली. त्यांनाही ती हाताला लागली, कारण त्यांचा हात माझ्या पोटावर होता.

माणसाने अशा वेळी काय म्हणावं? मी म्हणाले, "हा गूळ कुठून आणला?"

 आत्याबाई म्हणाल्या, "शेळी व्यायला झाली हाय. तिच्यासाठी ठेवला व्हता, दाण्याच्या कणगीत. काहून?"

 घरात गूळ लपवलेला होता, हे मी माझ्या खटल्यात लिहून घेतलं. ज्या गुळाने मला शुद्धीवर आणलं, तोच मी पुरावा म्हणून धरला. आजही आठवलं की मला स्वतःचं हसू येतं आणि अंगावर काटाही येतो.

संध्याकाळी मालक आले. आत्याबाईंचं म्हणणं, सुयांनी झालं. माझं म्हणणं मी मालकांना एकट्याला सांगितलं. ते पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाले, "माझी माय असं करन व्हय? तुझं डोकं फिरलंय." मग म्हणाले, उद्या तिघंही जाऊ. मॅडमपुढेच होऊ द्या काय ते.

टोचा

दुसऱ्या दिवशी आत्याबाई पहिल्यांदा आमच्यासोबत वसमतला आल्या. उंबऱ्यातला शकुन झालाच, पण त्या इतक्या भ्यालेल्या होत्या की एका डबीत दही-साखर कालवून सोबत घेतली आणि दवाखान्याच्या पायरीवर पुन्हा माझ्या हातावर ठेवली. डबीतली उरलेली बोटाने पुसून स्वतः चाटली. आम्ही दोघींनी हात पदराला पुसले आणि आत गेलो.

माझ्या बोटातून थेंब घेतला. आकडा आजवरचा सगळ्यात मोठा. मॅडमनी डोक्याला हात लावला. काल घाम येऊन पडल्याचं मालक सांगत होते, पण आकडा समोर होता. म्हणाल्या, चक्कर अशक्तपणाची असेल, औषध अजून वाढवावं लागेल.

मी हात मागे घेतला. माझा संशय आत्याबाईंवर होता, मॅडमवर होता, पण त्या क्षणी तो सगळा त्या मशीनच्या डबीवर येऊन बसला. काल मी मरता मरता गुळाने उठले आणि आज हे म्हणतंय माझ्यात साखर मावत नाही. दोन्ही खरं कसं असेल?

मी म्हणाले, "मॅडम, आधी आत्याबाईंची बघा. ह्यांनी तर चहासुद्धा सोडलाय, अंगाने काडी. ह्यांच्यातही साखर निघाली तर तुमचं मशीन खोटं."

मालक शरमेने खिडकीकडे बघायला लागले. पट्ट्या महाग असतात, मॅडम वैतागल्या. पण आत्याबाईंनीच हात पुढे केला. त्यांना सगळं कळलेलं होतं. दोन चुली कशासाठी मांडल्या हे न कळायला त्या काय वेड्या होत्या?

"टोचा," त्या म्हणाल्या. "मी काई लपवून न्हाई राहिले."

नर्सने टोचलं. मशीनवर आकडा आलाच नाही, नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली. मॅडमनी ती बघितली, मशीन हलवलं, पुन्हा बघितली. म्हणाल्या, याचा अर्थ साखर मोजण्याच्या पलीकडे आहे. इतकी साखर असलेलं माणूस अंथरुणावरून उठत नाही. आणि आत्याबाई तर समोर ताठ उभ्या, पदर खोचून, भांडायच्या तयारीत.

मॅडमनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटं एकमेकांवर घासून बघितली. बोटं चिकटत होती.

"हे काय लागलंय हाताला?"

"शकुनाचं हाय. दही-साखर. धुवायचं नसतंय."

 मग मॅडमनी माझा हात उलटा करून बघितला. दर वेळी लावता का, असं त्यांनी विचारलं. दर वेळी, मी सांगितलं, आणि सांगतानाच आठवलं, आत्याबाई कळमनुरीला होत्या त्या खेपेला शकुन झाला नव्हता. बोटाला लागलेली साखर थेंबात मिसळते आणि मशीन ती पण मोजतं, हे त्यांनी समजावलं. वर उपाशी पोटी म्हणून सांगत होते तेही खरं नव्हतं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हात धुवायला मीच सांगायला हवं होतं, नुसता कापूस फिरवून ते जात नाही.

मग त्यांनी नळाकडे बोट दाखवलं. आत्याबाई हलल्या नाहीत. त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "आन् धुतल्यावर लेकराला काई झालं म्हंजी?"

  पहिलं लेकरू आम्ही दोघींनी मिळून पुरलं होतं. पण मी उठले आणि आधी माझा हात नळाखाली धरला. साबण लावला, मनगटापर्यंत चोळला. भीती वाटत होती, खोटं सांगत नाही. मग आत्याबाई आल्या आणि त्यांनीही हात पुढे केले.

त्यांचा आकडा कुणाही धडधाकट माणसाचा असावा तसा आला. माझा आधीपेक्षा पुष्कळच खाली आला, पण असायला हवा त्याहून वर. काल साखर उतरून मी पडले ती जास्तीच्या औषधाने, असं सांगून मॅडमनी सुईतलं औषध निम्म्याहून कमी केलं. परतीच्या एसटीत आम्ही दोघी एका बाकावर बसलो. मी माफी मागितली नाही, त्यांनीही काही ऐकवलं नाही. घरी आल्यावर त्यांनी भाकरी केली आणि मी ती खाल्ली. दुसरी चूल मालकांनी मोडून टाकली.

पुरता संशय

गावात बातमी अशी फिरली की मशीन खोटं निघालं, फौजदारणीने डॉक्टरला पकडलं. लोक सांगायला लागले, सोड आता त्या सुया. आत्याबाईंनाही मनातून तेच हवं होतं. मला स्वतःला एक दिवस तसं वाटलं. मोठा मोह असतो तो. आपल्याला काहीच झालेलं नाही, ही सगळ्यात गोड गोष्ट.

पण मग मी स्वतःच्या आनंदावरच संशय घेतला. हातावरची साखर खोटी होती, ठीक. दंडातलं रक्त घेतलं होतं त्याला कुठे दही लागलं होतं? आणि हात धुतल्यावरही आकडा वरच होता. मी पुन्हा गेले, उपाशी, हात दोनदा धुऊन, आणि मॅडमना म्हणाले, आता बघा. साखर होतीच. कमी होती, पण होती. मशीन आता खरं बोलत होतं. मी सुया चालू ठेवल्या. माझ्यासारख्या बाईला सांगायचं ते हेच. अर्ध्या संशयावर मी थांबले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

सिझर करायचं ठरलं. त्या सकाळी निघताना मी उंबऱ्यात थांबले. आत्याबाई आतून आल्या. हातात वाटी नव्हती, तांब्या होता. त्यांनी माझ्या दोन्ही हातांवर पाणी घातलं, आपल्या पदराने ते कोरडे केले, आणि बाजूला झाल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी अडवून धरलं होतं, निघताना रडणं अपशकुन.

मुलगी झाली. रडली. तो आवाज ऐकायला मी किती महिने जीव मुठीत धरून बसले होते. पण तिला माझ्याजवळ द्यायच्या आधी नर्स ती मशीनची डबी घेऊन आली. आईला साखर असली तर बाळाची साखर जन्मल्यावर एकदम उतरू शकते, म्हणून तिच्या टाचेतून थेंब घ्यायचा होता. आत्याबाई मधे उभ्या राहिल्या.

"हात धुतले व्हय बाई?"

नर्सने पुन्हा धुतले. आत्याबाईंनी ओल्या कपड्याने ती एवढीशी टाच पुसली, कोरडी केली, मग सोडली. आकडा आला आणि नर्सने मॅडमना हाक मारली. फार कमी होता. मी पलंगावरून म्हणाले, परत बघा. परत बघितलं. तोच. या वेळी कुणाच्या हाताला काही लागलेलं नव्हतं आणि संशय घ्यायला जागा नव्हती.

माझं दूध अजून उतरलं नव्हतं. मॅडमनी ग्लुकोजचं पाणी मागवलं, लगेच द्या म्हणाल्या. नर्सने चोचीचं पालाडं, तान्ह्याला पाजायची वाटी, आत्याबाईंच्या हातात दिलं, कारण पोर त्यांच्याच मांडीवर होती. त्यांनी ते तिच्या ओठांपर्यंत नेलं आणि तिथेच थांबल्या. सगळी खोली वाट बघत होती. त्या मान वळवून माझ्याकडे बघत होत्या.

"देऊ का गं?" त्या म्हणाल्या. "साखर हाय ही."

 मी होकाराची मान हलवली. ते त्यांना पुरलं नाही, त्या तशाच थांबून राहिल्या. मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "द्या आत्याबाई. तुमच्याच हाताने द्या."

त्यांनी पालाडं कलतं केलं, आणि पोरीने पहिला घोट गिळला.